फ्लोरिन्याकचा पूर्वपक्ष

सोलांजबाईंच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, त्याला चौदा महिने झाले. 'राहून गेलं' हे उल्हासराव कोळथरकरांचे शब्द. त्यांच्या पत्नीचा, नीलाताईंचा, शब्द 'दिलं नाहीत' असा होता आणि तो त्या दर रविवारी वापरत.

पत्र साधंसुधं नव्हतं. फ्रान्समधल्या फ्लोरिन्याक नावाच्या खेड्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेनं निळ्या शाईत, सुवाच्य इंग्रजीत लिहिलेली पाच पानं. शेवटच्या पानावर दोन प्रश्न होते. 'तुम्ही आमच्या गावाविषयी जे लिहाल ते मला पाठवाल ना?' आणि 'तुमच्या नावाचं गाव कुठलं?' उल्हासराव दर रविवारी चहा झाला की कोरा कागद घेऊन बसत आणि 'डिअर मॅडम' लिहीत. मग त्यांना वाटे, डिअर जरा सलगीचं होतंय. नुसतं मॅडम लिहावं, तर दुकानातल्या बाईला हाक मारल्यासारखं. या विचारात जेवणाची वेळ होई. पहिलं वर्षभर उत्तर गेलं नाही ते संकोचानं. पुढचे दोन महिने गेलं नाही ते लाजेनं. कारण तोवर त्यांचं लिखाण प्रसिद्ध झालं होतं, तेही ग्रॅनाइटवर, मुख्य रस्त्यावरून आत वळणाऱ्या प्रत्येक गाडीला दिसेल अशा जागी.

ते असं झालं.

शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये, ज्या गावाचं स्वतःचं नावच जर्मनीहून आलंय तिथं, 'फ्लोरिन्याक इस्टेट्स' ही बासष्ट बंगल्यांची वसाहत आहे. ज्या बिल्डरनं ती बांधली त्याला फ्रेंच येत होतं असा कसलाही पुरावा नाही. त्यानं कुठल्याशा नकाशावर बोट ठेवलं असावं. वसाहतीत एक तळं आहे, तळ्यात बदकं कमी आणि हंसासारखी दिसणारी भांडखोर गीझ जास्त. वसाहतीला चाळीस वर्षं होणार म्हणून कमिटीच्या अध्यक्ष ब्रेंडाबाईंनी ठरवलं की गेटपाशी एक शिळा हवी आणि तिच्यावर नावाचा इतिहास हवा. ब्रेंडाबाई एकदा ठरवत आणि मग ते होईपर्यंत सगळ्यांना ईमेल पाठवत.

कमिटीचा सेक्रेटरी शेजारचा यतीन. आयटीतला, पंचेचाळिशीचा, सदा घाईत. तो एका संध्याकाळी कुंपणापलीकडून म्हणाला,

"काका, तुमच्यासाठी एक काम आहे. शिळेसाठी दोन ओळी लिहायच्यात हिस्टरीच्या. मी ब्रेंडाला सांगून टाकलंय, वी हॅव अ स्कॉलर."

"कोण स्कॉलर?"

"तुम्ही!"

"अरे, मी नुसता वाचतो."

"तेच ना. बाकी कोण वाचतंय इथे?"

उल्हासराव म्हणाले, "बघतो." आयुष्यात कुणालाही नकार द्यायचा झाला तर ते 'बघतो' म्हणत, आणि आयुष्यात एकाही माणसाला तो नकार आहे हे कळलं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी पुलांची गणितं केली. त्यांचे पूल उभे आहेत, पण त्यांच्या नावाची पाटी कुठल्याही पुलावर नाही. एकदा त्यांनी एका दिवाळी अंकाला लेख पाठवला होता आणि तो छापून येईल या भीतीनं परत मागवला होता.

पण विषय डोक्यात शिरला. त्यांनी लायब्ररीतून लांबलांबच्या लायब्ऱ्यांची पुस्तकं मागवली. मोबाइलवर फ्रेंच शिकायला घेतलं. दोन महिन्यांत 'मुलगी सफरचंद खाते' आणि 'माझ्या मावशीची गाय काळी आहे' इथवर मजल गेली, पण सरदार घराण्यांच्या इतिहासात ना सफरचंद येई ना मावशी. शेवटी एका जुन्या पुस्तिकेचं भाषांतर हाती लागलं. ती फ्लोरिन्याकच्या सरदारांच्याच एका वंशजानं लिहिली होती. तिच्या मते गावाला नाव मिळालं ते या थोर घराण्यामुळे, आणि या घराण्याचा एक व्हायकाउंट अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी समुद्र ओलांडून लढायला आला होता.

उल्हासरावांना हे पटेना. ते कोळथरकर. कोळथरे गाव आधी की कोळथरकर आधी, असा प्रश्न त्यांना कुणी विचारला असता तर त्यांनी त्या माणसाला पाणी दिलं असतं. माणूस गाव सोडतो आणि गावाचं नाव घेऊन निघतो. कुठलंही घराणं हे आपल्या गावाचं 'कर' असणार, मग ते घोड्यावर बसो की बैलगाडीत. म्हणून त्यांनी थेट फ्लोरिन्याकच्या ग्रामपंचायतीला पत्र घातलं. पंधरा प्रश्न विचारले. त्यातला नववा असा होता: 'या सरदारांचं कुलदैवत कोणतं, आणि ते वर्षातून एकदा तरी तिथे येतात का?'

नीलाताईंनी पत्र वाचून विचारलं, "फ्रेंच माणसाला कुलदैवत कुठून असणार?"

"ते तो सांगेल ना, नाही म्हणून."

महिन्याभरानं सोलांजबाईंचं पत्र आलं. सरपंचांनी उल्हासरावांचं पत्र त्यांच्याकडे दिलं होतं, कारण गावात इंग्रजी वाचणाऱ्या त्या एकट्याच. त्यांनी पंधराही प्रश्नांची उत्तरं दिली होती. गाव त्या घराण्यापेक्षा हजार वर्षांनी जुनं. रोमन लोकांच्या काळात फ्लोरिनियस नावाच्या कुणा माणसाची तिथं शेती होती. त्याची जमीन म्हणून गावाला त्याचं नाव आणि पुढं 'आकुम' हा प्रत्यय. हजार-बाराशे वर्षं लोकांनी ते नाव तोंडात घोळवलं, त्याचं फ्लोरिन्याक झालं. सरदार बऱ्याच उशिरा आले, तेही तिथल्या एका विधवेशी लग्न करून. आधी ते मिठाचे व्यापारी होते आणि त्यांचं आधीचं आडनाव त्यांना आठवायला आवडत नसे. गावाचं नाव लावलं आणि त्याआधी 'द', म्हणजे 'चा', जोडला, की झाले सरदार. 'अमेरिकेत लढायला गेलेला' तो व्हायकाउंट जन्मभर गावाबाहेर फारसा पडला नाही, कारण त्याला होडीची भीती वाटे. आणि कुलदैवत? गावाबाहेर आजारी डुकरांना बरं करणाऱ्या एका संताचं छोटं देऊळ आहे. सरदार तिथे कधी गेले नाहीत. शेतकरी अजून जातात.

उल्हासराव खुर्चीतून उठले. "अगं, हे तर आपल्यासारखेच! फ्लोरिन्याककर!"

"मग लग्नात मानपानावरून भांडले असतील," नीलाताई म्हणाल्या. "आता दोन ओळी लिहा आणि देऊन टाका."

इथे उल्हासरावांचा स्वभाव आडवा आला. दोन ओळींत सत्य सांगायचं म्हणजे अरेरावी वाटते. शाळेत त्यांना संस्कृत शिकवणाऱ्या गुरुजींनी एक गोष्ट मनावर कोरली होती: वाद घालायचा तर आधी पूर्वपक्ष मांडावा. म्हणजे समोरच्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, आणि तेही असं की समोरच्यानं 'वा, हे मला सुचलं नव्हतं' म्हणावं. त्यानंतर ते खोडायचं आणि शेवटी आपला सिद्धान्त. पूर्वपक्ष कमजोर मांडणं ही गुरुजींच्या मते चोरी होती.

तेव्हा उल्हासरावांनी एकोणीस पानांचा निबंध लिहिला आणि पहिली तीन पानं सरदारांना दिली. मन लावून दिली. त्यांच्या संकोची लेखणीतून जे शौर्य जन्मभर बाहेर पडलं नव्हतं, ते सगळं त्या व्हायकाउंटच्या अंगावर पडलं. त्यांनी त्याला वादळी समुद्रात उभा केला, हातात तलवार दिली, डोळ्यांत स्वातंत्र्याची ठिणगी टाकली. त्या घराण्याला चारशे वर्षांत इतका चांगला वकील मिळाला नसेल. चौथ्या पानावर, दुसऱ्या परिच्छेदाच्या सुरुवातीला, वाक्य होतं: 'परंतु यातलं काहीही खरं नाही.'

निबंध ब्रेंडाबाईंना ईमेल केला. अकरा मिनिटांत उत्तर आलं. 'लव्ह इट! सो मूव्हिंग! मी रडले!'

एकोणीस पानं अकरा मिनिटांत. पुलांची गणितं केलेल्या माणसाच्या हे लक्षात यायला हवं होतं. पण कौतुकाच्या बाबतीत उल्हासरावांना सराव नव्हता. त्यांनी ते ईमेल नीलाताईंना दोनदा वाचून दाखवलं, आणि तिसऱ्यांदा एकट्यानं वाचलं.

हिवाळा गेला. तळ्याकाठच्या गीझच्या घाणीवरून वसाहतीत ईमेलयुद्ध पेटलं. एका आठवड्यात एक्केचाळीस ईमेल आले, आणि त्यातल्या बत्तिसाव्याला शिळेचा मजकूर जोडलेला होता, 'दहा दिवसांत हरकत न आल्यास मान्यता समजली जाईल' अशा टिपेसह. उल्हासरावांनी पाचव्या ईमेलनंतर वाचणं सोडलं होतं. पाचव्यात कुणीतरी कुणाला गूस म्हटलं होतं.

मे महिन्यातल्या एका सकाळी नवराबायको फिरायला निघाले, तर गेटपाशी ट्रक उभा. दोन कामगार शिळा बसवत होते. गुलाबी छटेचा ग्रॅनाइट, वर ढाल-तलवारीचं चिन्ह. उल्हासराव चष्मा पुसून वाचू लागले.

'थोर व्हायकाउंट द फ्लोरिन्याक यांनी आपलं तेजस्वी नाव आपल्या भूमीला दिलं. स्वातंत्र्याची ठिणगी डोळ्यांत घेऊन, वादळी समुद्र ओलांडून, ते अमेरिकेसाठी लढले. इतिहास-संशोधन: उल्हास कोळथरकर.'

नाव अगदी बरोबर होतं. चाळीस वर्षांत या देशात ते पहिल्या फटक्यात कुणी बरोबर लिहिलं नव्हतं. लायसन्सवर चुकलं, दवाखान्यात चुकलं, रिटायरमेंटच्या केकवर तर ते केकबाहेर गेलं. इथे एकेक अक्षर ठसठशीत.

"हे तुम्ही लिहिलंत?" नीलाताईंनी हळूच विचारलं.

"लिहिलं. पण मी म्हटलेलं नाही."

कामगार अभिमानानं म्हणाला, "काळजी करू नका सर. दोनशे वर्षं काही होणार नाही याला."

उल्हासराव तसेच घरी आले आणि बूट न काढता सोफ्यावर बसले. ज्या माणसानं जन्मभर कुठे नाव लागू दिलं नाही, त्याचं नाव एकदाच लागलं, आणि ते एका थापेखाली. ते स्वतः असणार होते आणखी दहा-बारा वर्षं. ती थाप दोनशे.

सल्ले सुरू झाले. यतीन म्हणाला, "काका, चिल यार. कोण वाचणार आहे? गेटपाशी सगळे फोनकडे बघतात."

"मग शिळा कशाला लावली?"

"प्रॉपर्टीला बरं असतं."

मागच्या गल्लीतले डॉक्टर सौमित्र, हृदयविकाराचे निवृत्त तज्ज्ञ, ब्लडप्रेशरचं यंत्र घेऊनच आले. पट्टा आवळत म्हणाले, "हे बघ उल्हास, सत्य वगैरे सत्तरीनंतर मिठासारखं. बंद करू नये, पण कमी करावं." आकडा बघून त्यांनी तो सांगितला नाही.

मुलगी अनिका ॲरिझोनात चँडलरला वकिली करते. तिला फोन लावला.

"बाबा, डिड यू साइन एनीथिंग?"

"नाही."

"डिड यू ऑब्जेक्ट? दहा दिवसांत?"

"अगं, ते ईमेल गीझचं होतं."

"देन यू ॲग्रीड. बाबा, डू यू रिअली वॉन्ट टू डाय ऑन धिस हिल? एवढ्याशा गोष्टीसाठी?"

"कुठली हिल?" मागून नीलाताई म्हणाल्या. "इथे मैलभर सपाट आहे."

अनिका हसली नाही. ती म्हणाली, "यू ऑलवेज डू धिस. तुम्ही नाही म्हणतच नाही. मग घरी बसून दुःखी होता. मी दहा वर्षांची असल्यापासून बघतेय."

फोन ठेवल्यावर उल्हासरावांनी बूट चढवले. मग म्हणाले, "मी ब्रेंडाकडे जातो." आणि गेले. लेक सासरी निघावी तसे तीनतीनदा वळून बघत, पण गेले.

ब्रेंडाबाईंनी लिंबाचं सरबत दिलं. सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "पण उल्हास, इट्स ग्रॅनाइट." हे त्या अशा सुरात म्हणाल्या की जणू ग्रॅनाइट हाच पुरावा. मग त्यांनी एक फॉर्म दिला. वसाहतीत कुंपण, ओटा किंवा बागेतली शेड बदलायची तर भरायचा तो फॉर्म. शिळा आता 'बांधीव वैशिष्ट्य' झाली होती, तेव्हा तिच्यावरचं अक्षर हलवायचं तरी तोच मार्ग.

उल्हासरावांनी तो इंजिनिअरच्या इमानानं भरला. बदलाची उंची? 'दीड इंच.' शेजाऱ्यांच्या दृष्टीला अडथळा होईल काय? 'होणार नाही, सुधारणा होईल.' पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावर परिणाम? इथे त्यांनी एक वेगळं पान जोडून गणित केलं आणि परिणाम शून्य दाखवला. शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. यतीननं सही केली आणि मग सेक्रेटरी म्हणून अर्ज नामंजूर केला.

"अरे, तू सही केलीस ना?"

"ती शेजारी म्हणून केली काका. रंगाचा नमुना जोडला नाहीत तुम्ही."

नमुना जोडला. पुन्हा नामंजूर. ऐतिहासिक मजकुरात बदल करायला कमिटीच्या इतिहास-सल्लागाराची संमती लागते. सल्लागार कोण? उल्हास कोळथरकर. त्यांनी संमती दिली. तिसऱ्यांदा नामंजूर, कारण अर्जदार आणि सल्लागार एकच, हे हितसंबंधांच्या नियमात बसत नाही.

"मग मी सल्लागाराचा राजीनामा देतो."

"तो जनरल बॉडीत मंजूर व्हायला लागतो," यतीन म्हणाला. त्याला खरोखरच वाईट वाटत होतं. "नेक्स्ट मीटिंग ऑक्टोबरमध्ये. पण अनावरण जूनमध्ये आहे. आणि काका, दोरी तुम्हीच ओढायचीय. ब्रेंडानं कार्डं छापलीत."

जूनचा तो शनिवार ऊन घेऊन आला. गेटपाशी हिरवळीवर टेबलं, चीज, टरबुजाच्या फोडी, नीलाताईंचे साबुदाणे वडे. साठ-सत्तर माणसं. शिळेवर निळी ताडपत्री, तिला पांढरी दोरी. थोड्या अंतरावर गीझ आमंत्रण असल्यासारखी बसलेली. ब्रेंडाबाईंनी माइकवर तीन मिनिटं व्हायकाउंटची स्तुती केली, आणि त्यांचा आवाज ठिणगीपाशी पुन्हा भरून आला. मग त्यांनी दोरी उल्हासरावांच्या हातात दिली. टाळ्या झाल्या.

उल्हासराव दोरी धरून उभे राहिले. ओढेनात.

"ओढा," ब्रेंडाबाई हसत म्हणाल्या.

उल्हासरावांच्या तोंडात 'बघतो' आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"नो," ते म्हणाले.

माइक जवळ होता. ते 'नो' रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपापर्यंत गेलं. नीलाताईंच्या हातातला वडा परत ताटात पडला.

"आर यू ओके?" ब्रेंडाबाई. डॉक्टर सौमित्र गर्दीतून पुढं सरकले, यंत्रासह.

"मी ठीक आहे," उल्हासराव इंग्रजीत म्हणाले. दोरी त्यांनी सोडली नव्हती. "तुम्ही पहिलं पान वाचलंत. त्यावर जे लिहिलंय ते माझं म्हणणं नाही. ते ज्याला मी खोडणार होतो त्याचं म्हणणं आहे. आमच्यात आधी दुसऱ्याचं म्हणणं सांगतात. माझं चौथ्या पानापासून सुरू होतं. ते वाचल्याशिवाय ही दोरी ओढली जाणार नाही. तोवर मी इथेच बसून राहीन."

आणि ते एका घडीच्या खुर्चीवर, दोरी मनगटाला गुंडाळून, शिळेला पाठ लावून बसले. खिशातून निबंध काढला. ब्रेंडाबाईंनी तीन मिनिटांची मर्यादा सांगितली. उल्हासरावांनी पान उलटलं.

'परंतु यातलं काहीही खरं नाही.'

त्यांनी सोळा पानं वाचली. तळटीपांसह. पाचव्या पानाला चीज घामेजलं. आठव्या पानाला तरुण मंडळी पार्किंगकडे निघाली. विधवेच्या लग्नापाशी काही बायका परत आल्या. होडीला घाबरणाऱ्या व्हायकाउंटवर मागच्या रांगेतला एक म्हातारा अमेरिकन, कुत्रा घेऊन आलेला, मोठ्यानं हसला. यतीन लांबून 'आवरा काका' अशा खुणा करत होता. उल्हासरावांचा आवाज सुरुवातीला फाटला, मग लागला. त्यांना वाटलं होतं आपल्याला भीती वाटेल. ती वाटत होतीच. पण भीती वाटत असताना वाचता येतं, ही गोष्ट त्यांना चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळत होती.

वाचन संपलं तेव्हा वीसेक माणसं उरली होती. कुत्रेवाल्यानं विचारलं, "मग हा फ्लोरिनियस कोण होता?"

"शेतकरी. त्याच्याविषयी आणखी काहीही माहीत नाही."

"मला तो आवडला," कुत्रेवाला म्हणाला.

ब्रेंडाबाईंनी तिथेच हात वर करून मत घेतलं. मजकूर राहू द्यावा: पंधरा. बदलावा: सहा, त्यात डॉक्टर सौमित्र ('हे औषध म्हणून,' ते म्हणाले) आणि सगळ्यांना धक्का देत यतीन. ब्रेंडाबाई दमल्या होत्या. "ठीक आहे, उल्हास. शिळा राहणार. पण तुला इतकं नको असेल तर तुझं नाव काढून टाकू. कायमचं. मग कुणालाही कळणार नाही की तू यात होतास." त्यांच्या मते ही शिक्षा होती.

"थँक यू," उल्हासराव म्हणाले. "हे लिहून द्या."

त्यांनी पेपर नॅपकिनवर लिहून दिलं. उल्हासरावांनी ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं, उभे राहिले आणि दोरी ओढली.

आठवड्यानं कारागीर येऊन नावात करडी भर घालून गेला. ग्रॅनाइट गुलाबी, भर करडी. आता गेटमधून शिरणाऱ्या प्रत्येकाचं लक्ष आधी त्या ठिगळाकडे जातं. पार्सलवाले विचारतात, टपालवाली विचारते, फिरायला येणाऱ्या बायका विचारतात की इथे कुणाचं नाव होतं आणि का काढलं. उल्हासराव रोज पाच वाजता तिकडे फेरी मारतात. विचारणाऱ्याला ते आपलं नाव सांगतात आणि मग चौथ्या पानापासून सुरुवात करतात.

"काका," यतीन एकदा गाडीची काच खाली करून म्हणाला, "नाव होतं तेव्हा कुणी वाचत नव्हतं हो."

अनिकाचा फोन आला. "आई टोल्ड मी. यू सेड नो? इन फ्रंट ऑफ एव्हरीवन?"

"माइकवर," नीलाताई म्हणाल्या.

मग अनिका मराठीत म्हणाली, "बाबा, मला ते चौथं पान पाठवा ना."

त्याच रविवारी चहा झाल्यावर उल्हासराव कागद घेऊन बसले. 'डिअर मॅडम' लिहिलं आणि तसंच राहू दिलं.

'तुमच्या पत्राचं उत्तर चौदा महिने दिलं नाही. याला सबब नाही. सोबत माझा निबंध आहे. पहिली तीन पानं वाचू नका, ती माझी नाहीत. आमच्या गेटवर तुमच्या सरदारांविषयी एक खोटी शिळा आहे. ती मी हलवू शकलो नाही, पण तिच्यावरून माझं नाव मी भांडून काढून घेतलं, आणि ते मी केलेल्या थोड्या चांगल्या कामांपैकी एक आहे असं मला वाटतं. तुम्ही माझं गाव विचारलंत. कोळथरे. समुद्राकाठी आहे. मी तिथे एकदाही गेलेलो नाही, माझे वडीलही गेले नव्हते. त्या नावावर आमचा हक्क तुमच्या व्हायकाउंटपेक्षा जास्त नाही. पण आम्ही ते गाव आमच्यामुळे आहे असं कधी कुठे लिहिलं नाही. तुमचा, उल्हास कोळथरकर.'

तासाभरात झालं. खाडाखोड एकच, 'थोड्या' या शब्दाआधी. नीलाताईंनी वाचलं, गाडीची किल्ली उचलली, आणि दोघं पोस्टापाशी गेले. निळ्या पेटीचं जड झाकण ओढून उल्हासरावांनी पाकीट आत सोडलं, झाकण लावलं, मग पुन्हा उघडून आत वाकून पाहिलं.

"पडलं का?" नीलाताईंनी गाडीतून विचारलं.

"पडलं."

"नक्की?"

"नक्की," उल्हासराव म्हणाले, आणि झाकण धाडकन सोडून दिलं.